डेड हॉर्स पॉइंट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यूटा राज्याच्या आग्नेय भागातील कॅन्यनदर्शनाचे ठिकाण व त्याभोवतीचे राज्य उद्यान. ते कोलोरॅडो पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मी. उंचीवर आहे. कड्यावरून सरळ ६०० मी. खाली कोलोरॅडो नदी पुढे जाता जाता माघारी वळताना दिसते. मोॲब गावापासून रस्त्याने अंतर सु. ५० किमी. उद्यान १९५९ मध्ये स्थापन झाले. शेजारच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या मानाने ते चिमुकले. पण नदीचे अख्खे वळण एका जागी उभे राहून पाहायचे, तर हेच ठिकाण सरस.

नावामागची कथा करुण आहे. तिन्ही बाजूंनी कडा असलेले हे भूशिर मुख्य पठाराला जेमतेम २७ मी. रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुराखी रानटी घोडे हाकत इथे आणत आणि पट्टीवर फांद्या-झुडपांचे कुंपण घालत. आयता कोंडवाडा तयार होई. चांगले घोडे निवडून नेल्यावर एकदा उरलेले आतच अडकले आणि खाली नदी दिसत असताना तहानेने मेले, असे सांगतात. ही दंतकथाच; पण जागा पाहिल्यावर ती अशक्य वाटत नाही.

सपाट प्रदेशातून नागमोडी वाहणाऱ्या नदीखालची जमीन उचलली जाऊ लागली, तेव्हा नदीने जुनी वळणे न सोडता ती खडकात खोल कोरली. कड्याचा माथा केयेंटा नावाच्या खडकथराचा, त्याखाली विंगेट वालुकाश्माची तांबडी उभी भिंत, मग मऊ शेलचे (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे) उतार. नदीकाठचे खडक सु. ३० कोटी वर्षांपूर्वीचे.

पूर्वेकडे या तांबूस रखरखाटात अचानक गडद निळे तलाव दिसतात. ते निसर्गाचे नव्हेत. नदीचे पाणी जमिनीखालच्या पोटॅश खाणीत सोडून, विरघळलेले क्षार वर उपसून या उथळ तळ्यांत वाळवले जातात. ऊन जास्त शोषले जाऊन पाणी लवकर आटावे म्हणून त्यात निळा रंग मिसळतात. देखाव्याला गालबोट म्हणावे तर छायाचित्रे मात्र सगळे त्यांचीच काढतात.

पाहायला सकाळ वा संध्याकाळ बरी. भर दुपारच्या उन्हात दरीची खोली सपाट भासते. सूर्यास्ताला पूर्वेची ला साल शिखरे, हिवाळ्यात बर्फासकट, गुलाबी होतात. रात्रीच्या अंधारासाठी २०१६ मध्ये उद्यानाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ दर्जा मिळाला. मुख्य ठिकाणी बुटके दगडी कठडे आहेत, पण कड्याचा बराच भाग उघडा आहे. लहान मुलांचा हात सोडू नये. पायवाट सोडून चालणेही टाळावे. जुनिपर आणि पिन्यन पाइनच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत दिसणारी काळपट, खडबडीत माती सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म जिवाणू), शेवाळ व दगडफूल यांनी बांधलेली असते. एका पावलाने मोडलेला थर भरून यायला अनेक वर्षे लागतात.

वर्षाकाठी पाऊस सु. २५ सेंमी. उद्यानात पाण्याचा स्रोत नाही. लागेल ते पाणी गाडीने वर आणले जाते. त्यामुळे बाटल्या मोॲबमध्येच भरून घ्याव्यात.