घर बांधण्याची परवानगी: फाईल अडकते ती नकाशामुळे नव्हे, जागेच्या कागदांमुळे

नगरपरिषद किंवा महानगरपालिका हद्दीत स्वतःपुरते घर बांधू पाहणाऱ्यांचे अर्ज त्रुटी काढून परत येतात, तेव्हा बहुतेक जण अभियंत्याला बोल लावतात. वास्तविक दोष बहुधा घराच्या नकाशात नसतो. जागेचे कागद आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ बसलेला नसतो. बृहन्मुंबई आणि इतर काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बांधकामाची सामाईक नियमावली, लागू आहे. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदामार्फत ऑनलाइन अर्ज करायचा, छाननी झाल्यावर शुल्क भरायचे आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घ्यायचे, एवढीच मुख्य प्रक्रिया आहे. खरी अडचण त्याआधीची आहे.

पहिला प्रश्न मालकीचा. नोटरीसमोर केलेला करारनामा म्हणजे खरेदीखत नव्हे, मग त्यावर कितीही सह्या आणि शिक्के असोत. नोंदणीकृत खरेदीखत हवे, त्याचा फेरफार, म्हणजे महसुली अभिलेखातील मालकीबदलाची नोंद, मंजूर झालेला हवा आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर अर्जदाराचे नाव लागलेले हवे. त्याहून किचकट प्रकार सामाईक सातबाऱ्याचा असतो. उताऱ्यावर दहा-बारा नावे असतात, घरात तोंडी वाटप होऊन वीस वर्षे उलटलेली असतात, प्रत्येक जण आपापला तुकडा कसतो किंवा वापरतो, परंतु अभिलेखात पोटहिस्सा, म्हणजे प्रत्येकाचा स्वतंत्र तुकडा, पडलेलाच नसतो. अशा वेळी आपला हिस्सा नेमका कोणता, हे अर्जदार कागदावर दाखवू शकत नाही. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. हक्काविषयीच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. म्हणून भावंडांशी बोलणे घराचा पाया खणायच्या वेळी नव्हे, त्याआधी वर्षभर सुरू करावे.

दुसरा कागद मोजणी नकाशाचा, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाने दिलेल्या ‘क’ प्रतीचा. हा बहुतेकांकडे नसतो आणि नेमका याच्यासाठीच सर्वांत जास्त थांबावे लागते, कारण लगतधारकांना नोटिसा जातात, मोजणीची तारीख मिळते आणि त्या दिवशी शेजाऱ्याने हरकत घेतली की पुन्हा खोळंबा होतो. एका निवृत्त शिक्षकांची फाईल मला विसरता येत नाही. घडीवर फाटलेल्या खरेदीखतात त्यांचा भूखंड दोन गुंठे, म्हणजे २१७८ चौरस फूट किंवा सुमारे २०२ चौरस मीटर होता. सातबाऱ्यावर तोच ०.०२ हेक्टर, म्हणजे २०० चौरस मीटर. आणि मोजणीत भरला १९१, कारण पुढच्या बाजूची पट्टी केव्हाच रस्त्यात गेली होती. नियमावलीतील क्षेत्र विवरणात मालकीचा कागद, मोजणी नकाशा आणि प्रत्यक्ष जागा या तिन्हींपैकी सर्वांत कमी क्षेत्रच धरले जाते. नकाशा २०२ धरून काढलेला होता, त्यामुळे सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून बांधकामापर्यंत मोकळी सोडायची जागा, कमी पडले आणि सारे काम नव्याने करावे लागले. मोजणी आधी आणि नकाशा नंतर, हा क्रम कोणत्याही खिडकीवर ठळकपणे लिहिलेला नाही, याची खंत वाटते.

झोन दाखल्यावर, म्हणजे विकास आराखड्यात जागा कोणत्या वापराच्या विभागात आहे हे सांगणाऱ्या दाखल्यावर, ‘रहिवास विभाग’ असे लिहिले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. दाखल्यासोबत विकास आराखड्याचा भाग नकाशा अवश्य मागावा, कारण रहिवास विभागातल्या भूखंडातूनही नियोजित रस्ता किंवा रस्तारुंदीची रेषा जात असू शकते. आराखडा सुधारित झाला असेल तर जुना दाखला बाजूला ठेवून नवा घ्यावा.

वाहनतळाबाबत केलेली तडजोड शेवटी महागात पडते. मोटारीसाठी २.५ गुणिले ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ गुणिले २ मीटर जागा नकाशावर दाखवून भागत नाही. तिथे वाहन वळून आत येईल एवढी वाट लागते. तळमजल्यावर वाहनतळ दाखवून पुढे तिथेच दुकानाचा गाळा काढणाऱ्यांना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्यावर वापरासाठी लागणारा दाखला, मिळवताना पस्तावावे लागते. गाळा हवा असेल तर तो आरंभीच नकाशात दाखवावा. दुकानाच्या जाहिरात फलकाची परवानगी वेगळी असते, ती बांधकाम परवानगीत येत नाही.

दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला परवानगी लागत नाही, असे सर्रास सांगितले जाते. नियमाचा अर्थ तसा नाही. नियमानुसार तयार केलेला नकाशा, आवश्यक कागद आणि शुल्क दाखल केल्यावर मिळणारी पोच परवानगीसारखी धरली जाते. काहीही दाखल न करता बांधलेले घर अनधिकृतच ठरते.

मात्र सर्वांत घातक गैरसमज साठ दिवसांचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, हे खरे. पण कार्यालयाने त्रुटी कळवल्या असतील तर साठ दिवस त्या त्रुटींना दिलेले उत्तर पोहोचल्यापासून मोजले जातात, आणि प्रस्ताव नियमावली व विकास आराखडा यांच्याशी तंतोतंत जुळणारा असेल तरच ही मानीव परवानगी टिकते. नियमांशी विसंगत असलेले बांधकाम अनधिकृत समजले जाते आणि त्यावर कलम ५२ ते ५७ नुसार कारवाई होते. एकसष्टाव्या दिवशी विश्वासाने जेसीबी बोलावणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना वेळेवर दोन ओळींचे उत्तर देणे कार्यालयाचे कर्तव्य होते, ते पार पाडले गेले नाही. तरीही भुर्दंड त्यांनाच पडला. प्रत्येक त्रुटीचे उत्तर लेखी द्यावे आणि त्याची तारखेसह पोच जपून ठेवावी.

परवानगी नाकारली गेली किंवा जाचक अटी घातल्या गेल्या, तर आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवसांत कलम ४७ खाली अपील करता येते. मिळालेली परवानगी एक वर्षच चालते. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला तर दर वेळी एक वर्ष याप्रमाणे ती वाढवून मिळते, मात्र ही वाढ एकूण तीन वर्षांहून अधिक होत नाही. कर्जाचा हप्ता रखडल्यामुळे काम थांबले असेल, तरी मुदतवाढीचा अर्ज थांबवू नये.