शालेय समुपदेशकाचे पदव्युत्तर शिक्षण

शालेय समुपदेशकाचे पदव्युत्तर शिक्षण : शाळेतील मुलामुलींना अभ्यास, भावनिक अडचणी आणि व्यवसायाची निवड या बाबतींत शास्त्रशुद्ध साहाय्य करता यावे, यासाठी पदवीनंतर घेतले जाणारे शिक्षण. मानसशास्त्रातील एम. ए., मार्गदर्शन व समुपदेशन या विषयाची पदविका आणि एम. एड.च्या अभ्यासक्रमातील त्याच विषयाचे अध्ययन या त्याच्या मुख्य वाटा होत. तिन्हींतून होणारी तयारी मात्र सारखी नसते : एम. ए. करणाऱ्याचा सिद्धांताचा पाया पक्का होतो, पण शाळेचा दिनक्रम त्याला अपरिचित राहतो, एम. एड. झालेल्या शिक्षकाला शाळा अंतर्बाह्य ठाऊक असते, पण समोरच्याचे मूल्यमापन न करता केवळ ऐकत राहण्याची सवय त्याला नव्याने लावून घ्यावी लागते.

व्यवसाय मार्गदर्शनाचे संघटित काम मुंबईत लवकर सुरू झाले. तेथे पारशी पंचायतीने १९४७ मध्ये आणि त्यानंतर मुंबई सरकारने १९५० मध्ये मार्गदर्शन केंद्र उघडले. केंद्र सरकारचे केंद्र १९५४ मध्ये दिल्लीत स्थापन झाले. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचेच अंग मानले, ते प्राथमिक शाळेच्या अगदी खालच्या वर्गापासून असावे असे सांगितले आणि किमान सोय म्हणून दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचवला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यातले. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी अशा डोंगराळ तालुक्यांतील विरळ पटाच्या शाळा डोळ्यांसमोर आणल्या, तर फिरत्या समुपदेशकाची कल्पना किती व्यवहार्य होती हे उमगते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची (एनसीईआरटी) मार्गदर्शन व समुपदेशन पदविका एक वर्षाची असून तिचे सहा महिने दूरस्थ अध्ययन, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने शाळेतील अंतर्वासिता (प्रत्यक्ष कामाचा सराव) असे टप्पे आहेत. महाराष्ट्र हे राज्य परिषदेच्या भोपाळ येथील प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कक्षेत येते. कोल्हापुरात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परिक्षेत्रात मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, त्यांपैकी एम. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे.

अभ्यासक्रमात विकासाचे मानसशास्त्र, समुपदेशनाचे सिद्धांत, मानसशास्त्रीय मापन, अध्ययन अक्षमतेची ओळख, व्यवसायविषयक माहिती आणि गटमार्गदर्शन हे विषय असतात. मापनाचा भाग विशेष काळजीने शिकवावा लागतो. अभिरुची म्हणजे मुलाला काय आवडते आणि अभिक्षमता म्हणजे त्याला काय जमू शकेल. या दोहोंची गल्लत झाली की सल्ला चुकतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये कल चाचणी सुरू झाल्यानंतर ‘कल’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि एका चाचणीवरून शाखा ठरते असा समजही काही पालकांत रुजला. वास्तविक कोणत्याही चाचणीचा गुणांक तिच्या प्रमाणकांशी, म्हणजे मुलांच्या मोठ्या गटाच्या गुणांवरून ठरवलेल्या मापांशी, ताडून पाहिल्याखेरीज अर्थपूर्ण ठरत नाही. शहरातील मुलांवर बेतलेली प्रमाणके, घरी कन्नड बोलणाऱ्या गडहिंग्लजच्या मुलीला किंवा हंगामापुरत्या आलेल्या ऊसतोड कुटुंबातील मुलाला लावली, तर क्षमतेऐवजी भाषेची आणि संधीची उणीवच मोजली जाते. व्यवसायविषयक माहितीचेही असेच आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदीकाम व्यवसाय, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखाने, साखर उद्योग यांतील कामाचे स्वरूप समुपदेशकाने जाऊन पाहिलेले असावे. छापील तक्त्यातून ते कळत नाही.

या शिक्षणाचा खरा गाभा पर्यवेक्षित प्रात्यक्षिकात आहे. प्रशिक्षणार्थी संभाषणाची शब्दशः नोंद करतो आणि पर्यवेक्षकासमोर ती वाचून दाखवतो. कोठे घाईने सल्ला दिला, कोठे मूल गप्प झाले, याची ओळीओळीने चर्चा होते. वडिलांना मुलाने डिप्लोमा करावा असे वाटते आणि मुलाचे मन तालमीत व सैन्यभरतीत गुंतले आहे. किंवा संध्याकाळच्या एस. टी.ची खात्री नाही म्हणून दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवण्याचे घरात ठरते आहे. अशा वेळी बाजू न घेता सर्वांना एकत्र बसवून बोलते करणे हे कौशल्य वाचनाने येत नाही. प्रात्यक्षिकाचे तास कमी करून लेखी परीक्षेचे वजन वाढवणारा अभ्यासक्रम समुपदेशक घडवत नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

मर्यादांचे भान हाही शिक्षणाचा भाग होय. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची पात्रता वेगळी असते व तिचे नियमन भारतीय पुनर्वास परिषद करते. आजाराचे निदान व औषधोपचार शालेय समुपदेशकाच्या कक्षेत येत नाहीत. मुलाने सांगितलेले गुप्त राखणे हे त्याचे कर्तव्य आहे, तरीही बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे त्याला बंधनकारक असते, आणि ही अट मुलाला कोणत्या शब्दांत व केव्हा सांगावी याचा सराव करावा लागतो. शिक्षकाकडेच समुपदेशन सोपवले तर अडचण वाढते, कारण गुण देणाऱ्या व्यक्तीजवळ मूल सहसा मन मोकळे करत नाही.

सीबीएसईने २०१८ च्या संलग्नता नियमांत समुपदेशकाची नेमणूक आवश्यक केली आणि नववी ते बारावीत तीनशेहून कमी विद्यार्थी असलेल्या शाळांना त्या वेळी अर्धवेळ नेमणुकीची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असे निर्देश दिले. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संपर्कव्यवस्था ठेवायची आहे. याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून बंद केले. प्रात्यक्षिकाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य आहे, परंतु नोकरी सांभाळून पत्राद्वारे एम. ए. करणाऱ्या तालुक्याच्या गावांतील शिक्षकांची वाट त्यामुळे बंद झाली. त्यांच्यासाठी सुट्टीतील निवासी वर्ग आणि जवळच्या शाळांत पर्यवेक्षित काम यांची जोड असलेले अभ्यासक्रम जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू होण्याची निकड आहे.