चरबीतील पांढऱ्या पेशी आणि मधुमेह : एक पार्श्वभूमी

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार या जुन्या भागांतील मराठी घरांत मधुमेहाची चर्चा साखरेपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. चहा बिनसाखरेचा झालेला असतो, श्रीखंड सणापुरते उरलेले असते, सकाळच्या शेव-उसळीवरची शेवही कमी झालेली असते. तरीही रक्तातील साखरेचा आकडा खाली येत नाही. त्यातही अंगाने बेताच्या असलेल्या माणसाला हा विकार झाला, तर घरचे अधिकच गोंधळतात. या गोंधळाचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राचे लक्ष गेल्या तीसेक वर्षांत पोटातील चरबीकडे आणि त्या चरबीत ठाण मांडून बसलेल्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींकडे वळले आहे. ते सहजासहजी वळले नाही.

स्थूलपणा आणि मधुमेह यांचे नाते तसे जुनेच. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे (मधुमेहाशी मिळत्याजुळत्या विकाराचे) दोन प्रकार सांगितले आहेत, जन्मजात आणि अपथ्याने होणारा. पहिल्यातील रोगी कृश, तर दुसऱ्यातील स्थूल. निरीक्षण अचूक होते, पण कारणाचा धागा त्यातून पुढे निघाला नाही. १९२१ मध्ये स्वादुपिंडातून स्रवणाऱ्या आणि साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनचा शोध लागल्यावर मधुमेह म्हणजे स्वादुपिंडाची कमतरता, हे समीकरण इतके पक्के झाले, की बाकी शरीराकडे पाहण्याची गरजच फारशी कोणाला वाटेना. १९३६ मध्ये लंडनचे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी रुग्णांना ग्लुकोज आणि इन्शुलिन एकाच वेळी देऊन पाहिले, तेव्हा काहींची साखर आटोक्यात राहिली, तर काहींवर इन्शुलिनचा म्हणावा तसा परिणामच झाला नाही. इन्शुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, ही इन्शुलिनरोधाची कल्पना इथे प्रथम स्पष्टपणे मांडली गेली. पुढे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत शोधली आणि प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन कमी नसून उलट जास्त असल्याचे १९६० च्या सुमारास दाखवले. यॅलो यांना या पद्धतीसाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते.

दरम्यान मार्सेय येथील डॉक्टर ज्याँ व्हाग यांनी १९४७ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती: चरबी किती आहे, यापेक्षा ती कुठे आहे याला महत्त्व आहे. पोटाभोवती चरबी साठणाऱ्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार अधिक होतात, मांड्या आणि नितंबांवर साठणाऱ्यांना त्या मानाने कमी, असे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबर होते, आणि पुढची कित्येक दशके ते दुर्लक्षित राहिले. चरबी म्हणजे जादा ऊर्जेचे मुके कोठार, हा समज त्याला कारणीभूत होता. तो समज डळमळला १९९४ मध्ये, जेव्हा जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने उंदरांच्या मेदपेशींतून स्रवणाऱ्या आणि मेंदूला भुकेविषयी संदेश देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरे वळण त्याच्या एक वर्ष आधी आले होते. टीएनएफ-अल्फा हे रसायन तोवर जंतुसंसर्ग आणि कर्करोग यांच्या संदर्भातच ओळखले जाई, कारण ते प्रतिकारशक्तीच्या पेशी दाह, म्हणजे जंतू किंवा इजेविरुद्ध शरीराची सूज आणणारी प्रतिक्रिया, निर्माण करण्यासाठी सोडतात. बोस्टनमध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी १९९३ मध्ये दाखवले, की लठ्ठ उंदरांच्या चरबीतही ते मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि ते निष्प्रभ केले, तर इन्शुलिनचा परिणाम सुधारतो. यामागची यंत्रणाही हळूहळू उलगडली. इन्शुलिन पेशीच्या दारावरील ग्राहक रेणूला (रिसेप्टरला) चिकटल्यावर आत संदेशांची एक साखळी सुरू होते. टीएनएफसारखी दाहक रसायने त्या साखळीतील पहिल्याच दुव्यावर चुकीच्या जागी फॉस्फेटचा रेणू बसवतात आणि संदेश तिथेच अडतो. जंतू नाही, जखम नाही, ताप नाही. तरीही दाहाची भाषा बोलणारी चरबी ही कल्पना त्या काळी अनेकांना विचित्र वाटली असल्यास नवल नाही.

हा दाह नेमका कोण घडवतो, याचे उत्तर मिळायला आणखी दहा वर्षे लागली. २००३ च्या डिसेंबरमध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात अमेरिकेतील दोन गटांचे निबंध आले आणि दोघांनीही बोट ठेवले ते मॅक्रोफेज या पेशींवर. मृत पेशी आणि जंतू गिळणाऱ्या अशा पेशींचे काम एकोणिसाव्या शतकात मेचनिकॉफ यांनी दाखवून दिले होते, पण त्यांचा चरबीशी असा संबंध असेल हे कोणाच्या मनात आले नव्हते. कोलंबिया विद्यापीठातील गटाच्या मोजणीनुसार सडपातळ शरीराच्या चरबीतील एकूण पेशींपैकी मॅक्रोफेजचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असते, तर लठ्ठ माणसांत ते चाळीस टक्क्यांच्या जवळ जाते. या पेशी अस्थिमज्जेत जन्मून रक्तावाटे चरबीत येतात, हेही त्याच प्रयोगांतून दिसले. म्हणजे वजन वाढते तेव्हा चरबीत केवळ तेल भरले जात नाही, तिच्या पेशींची वस्तीच बदलते.

सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य स्पष्ट दिसते. मेदपेशी फुगत फुगत एक दशांश मिलिमीटरच्या पुढे जाते, तिला प्राणवायू पुरेनासा होतो आणि काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीतील तेलाचा थेंब तसाच मागे राहतो आणि तो गिळण्यासाठी मॅक्रोफेज त्याच्याभोवती कडे करतात. एका पेशीला तो एका घासात संपवता येत नाही. इटलीतील सावेरिओ चिंती यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले, की लठ्ठ शरीराच्या चरबीतील नव्वद टक्क्यांहून अधिक मॅक्रोफेज अशा मृत पेशींभोवतीच जमलेले असतात. २००९ मध्ये आणखी तीन निबंध एकदम आले आणि चित्र गुंतागुंतीचे झाले. टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्याच आणखी एका प्रकारच्या पेशी. त्यांपैकी दाह शमवणाऱ्या नियामक टी-पेशी सडपातळ उंदरांच्या चरबीत भरपूर असतात आणि लठ्ठपणात घटतात, तर मारक टी-पेशी मॅक्रोफेजच्याही आधी तिथे पोचतात, असे त्यांतून निघाले. प्रतिकारशक्तीच्या पेशी चरबीत असणे हा दोष नाही. निरोगी चरबीची डागडुजी त्याच करतात. दोष त्यांचा स्वभाव पालटण्यात आहे.

या साऱ्याचा एक पुरावा फार पूर्वीपासून वैद्यकाच्या कपाटात पडून होता, हे मला या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण वाटते. १८७६ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म एब्स्टाइन यांनी सोडियम सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या गटातील दाहशामक औषध दिल्यावर रुग्णांच्या लघवीतील साखर घटल्याची नोंद केली. १९०१ मध्ये इंग्लंडमधून तशीच नोंद आली. १९५७ मध्ये तर संधिवाती दुखण्यासाठी ॲस्पिरिनचा मोठा डोस घेणाऱ्या एका मधुमेही रुग्णाला इन्शुलिनची गरजच उरली नाही. तिन्ही वेळा कुतूहल वाटले आणि विरले, कारण दाहावरचे औषध साखरेवर का चालावे हे सांगणारा सिद्धान्त हाताशी नव्हता. तो २००१ मध्ये आला: बोस्टनच्या स्टीव्हन शोएल्सन यांच्या गटाने दाखवले, की सॅलिसिलेट दाहाच्या साखळीतील एका विकराला रोखते आणि त्यामुळे इन्शुलिनचा मार्ग मोकळा होतो.

तरीही औषधयोजनेच्या पातळीवर फळ बेताचेच मिळाले. सॅलिसिलेट गटातील सालसॅलेट या औषधाच्या मोठ्या चाचणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारे मोजमाप) सुमारे ०.३७ टक्क्यांनी उतरले; परिणाम खरा, पण माफक. टीएनएफ रोखणाऱ्या औषधाने उंदरांत जे साधले, ते माणसांवरील छोट्या चाचणीत साधले नाही. इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहक रसायन रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने हृदयविकाराचे झटके कमी केले, पण मधुमेह टाळला नाही. (घरच्या डब्यातील ॲस्पिरिन यासाठी घेणे धोक्याचे आहे, या कामाला लागणाऱ्या मोठ्या डोसाने कानात आवाज येतो आणि जठरात रक्तस्राव होऊ शकतो.) दाह हा मधुमेहाच्या अनेक दुव्यांपैकी एक आहे, एकमेव कळ नव्हे, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

आता त्या बेताच्या अंगाच्या माणसाकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, पण वजन, स्नायू, पोटातील अवयव असे सारे कमी असताना पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र पुण्याच्या बाळांत त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबरचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी खाली आणली गेली, ती या प्रकारच्या पुराव्यामुळे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळतो. बडोद्यासारख्या व्यायामशाळांची परंपरा असलेल्या शहरात वजनकाट्यावरचा आकडा सर्वांना तोंडपाठ असतो. कमरेचा मात्र शिंप्यालाच ठाऊक, आणि तोही पॅन्ट जिथे बांधली जाते तिथला. तपासणीची टेप त्याहून वर, शेवटची बरगडी आणि नितंबाचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर धरायची असते.

वजन उतरवले तर चरबीतील दाह पूर्ण मावळतो का, हा सध्याच्या संशोधनाचा विषय आहे. झुरिक येथील गटाने २०२४ मध्ये दाखवले, की लठ्ठ उंदरांचे वजन पूर्ववत झाल्यावरही त्यांच्या मेदपेशींच्या केंद्रकात पूर्वीच्या लठ्ठपणाच्या खुणा राहतात आणि तेलकट आहार मिळताच असे उंदीर इतरांपेक्षा लवकर फुगतात. शस्त्रक्रियेने वजन कमी केलेल्या माणसांच्या चरबीतही जनुकांचे वर्तन पुरते मूळपदावर आलेले नव्हते. मेदपेशींचे वय आधीच एका अनपेक्षित मार्गाने मोजले गेले होते: शीतयुद्धातील अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेला किरणोत्सारी कार्बन-१४ त्यांच्या डीएनएत किती उतरला, ते पाहून. त्या मोजणीप्रमाणे माणसाच्या सुमारे दहा टक्के मेदपेशी दरवर्षी बदलतात. म्हणजे एक मेदपेशी सरासरी दहा वर्षे टिकते आणि तिच्यातील खूणही बहुधा तितकाच काळ राहत असावी, असा झुरिकच्या संशोधकांचा कयास आहे.