सरकारी दवाखान्यातून व्यायामाचा लेखी सल्ला आणि फिजिओथेरपी: पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

बीपी-शुगरच्या रुग्णाला बहुतेक वेळा "रोज चालत जा" एवढंच सांगितलं जातं. किती चालायचं, गुडघे धरले असतील तर काय करायचं, हे केसपेपरवर येतच नाही. खासगी फिजिओथेरपी ज्यांना परवडत नाही, त्यांनी तरी हा सल्ला लिहूनच घ्यावा. त्यासाठी वेगळा अर्ज नाही; सुरुवात आशाताईंच्या सीबॅक फॉर्मपासून होते, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका किती हे गुणांवरून पाहणाऱ्या प्रश्नावलीपासून.

या फॉर्मसाठी वय ३० किंवा जास्त असलं की झालं. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. फॉर्ममध्ये तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आई-वडील-भावंडांचा बीपी-शुगरचा इतिहास आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल होते का, यांना गुण असतात. समजा, ४५ वर्षांच्या बाईंची कंबर ८४ सेंटिमीटर भरली (बायकांसाठी ८० च्या पुढे १ गुण), आईला शुगर होती (२ गुण), हालचाल कमी (१ गुण). हेच चार झाले. वयाचा गुण धरला की चारच्या वर, म्हणजे तपासणीला आधी बोलावणं. टेप साडीच्या निऱ्यांवरून नको, पातळ कपड्यावरून लावायला सांगा.

"आम्ही दिवसभर रानातच असतो, व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. खुरपणी, वेचणी हालचालीत धरली जाते, ती फॉर्ममध्ये जरूर सांगा. पण वाकून कापूस वेचताना भरून आलेली कंबर मोकळी करायचे व्यायाम निराळे असतात, ते शिकावे लागतात.

पुढे उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर तपासतात. योग सत्राचा वार तिथेच विचारा. चालताना छातीत दुखणं, धाप, चक्कर, पायाला न भरणारी जखम किंवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी सांगा. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवायचं. फिजिओथेरपी लागणार असेल तर ती कुठे मिळेल हे त्यांनाच विचारून संदर्भ चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर आजार, कोणता व्यायाम, किती मिनिटं, काय टाळायचं आणि पुन्हा कधी यायचं, हे आहे का ते तिथेच वाचून घ्या.

सोबत आधार, मोबाईल, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदी ठेवणारा सरकारी ओळख क्रमांक) असला तर उत्तम. नाही म्हणून तपासणी नाकारता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मात्र तो निघण्याआधीच काढावा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. छत्रपती संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईसारखी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडे पैसे जवळ ठेवा. मोफत असूनही कुणी पैसे मागितले तर १०४ वर फोन करा.