रिंगा की व्हॉल्व्ह सील? नव्याने बांधलेलं इंजिन ऑइल खातं तेव्हा

इंजिन पूर्ण खोलून काम झालं, नव्या रिंगा पडल्या, हेडही (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) करून आलं, आणि तरीही सायलेन्सरमधून निळा धूर. संशय दोघांवर जातो: पिस्टनभोवतीच्या रिंगा, ज्या सिलिंडरमध्ये वर गॅस आणि खाली ऑइल अडवतात, आणि व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणारी छोटी टोपी. वरवर पाहता दोन्हींची लक्षणं सारखीच. डिपस्टिकवरची पातळी उतरते, प्लग काळे पडतात, मागच्या गाडीवाल्याला वास येतो. उपाय मात्र अगदी वेगळे. सील बऱ्याच इंजिनांत हेड न काढता बदलता येतात. रिंगांसाठी सगळं पुन्हा खोलावं लागतं.

जुन्या इंजिनात झीज हे कारण असतं. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात ते जवळजवळ बाद होतं. इथे चूक असते ती बसवण्यात, नाहीतर रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घासून अजून नीट बसायच्या असतात. म्हणूनच कॉम्प्रेशन गेजवर (सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरवर) फार विसंबू नये. ऑइल जाळणारी नवी इंजिनं कॉम्प्रेशन अनेकदा उत्तम दाखवतात.

आधी धूर कधी येतो ते नीट पाहा. सील गळत असेल तर ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून गाइडमधून (दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून) खाली उतरतं. गाडी रात्रभर उभी राहिली की ते व्हॉल्व्हच्या पाठीवर साचतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका येऊन काही सेकंदांत ओसरतो. रिंगांचा दोष असेल तर सकाळी फारसं काही दिसत नाही. इंजिन तापून लोड आला की धूर सुरू होतो आणि लोड असेपर्यंत टिकतो.

रस्त्यावरची चाचणी अशी. इंजिन पूर्ण गरम करा, मागे दुसरी गाडी ठेवा आणि तिच्यातल्या माणसाला पाहायला सांगा. लांब उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी उतरू द्या. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि सीलवर सगळा ताण येतो. खाली पोचल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. मोठा भपका आला आणि लगेच विरला, तर सील किंवा गाइड. मग सपाट रस्त्यावर त्याच गिअरमध्ये कमी वेगापासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी चढवा. सगळा वेळ निळी शेपटी मागे राहिली, तर रिंगा. एक अडचण ध्यानात ठेवा: ऑइल रिंग ढिली असेल तर तीही उतारावर ऑइल ओढते, म्हणून निर्णय एकट्या भपक्यावर नको, दोन्ही चाचण्या मिळून घ्या. डिझेलमध्ये मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम फारसा नसतो, तिथे उताराची चाचणी कमी बोलते. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराच धूर गिळतो, त्यामुळे धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं नाही. खप मोजावाच लागतो: सपाट जागा, गरम इंजिन बंद करून १० मिनिटं थांबणं, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल, मग ५०० किलोमीटर चालवून मापाच्या भांड्याने भरपाई.

पुढे जाण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारी झडप) पाहून घ्या, कारण तो या दोघांची हुबेहूब नक्कल करतो. तो उघडा अडकला तर क्रँककेसमधली ऑइलची वाफ सरळ मॅनिफोल्डमध्ये जाते. तुंबला तर आत दाब वाढून ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं. ब्रीदरचा, म्हणजे ही वाफ बाहेर नेणारा, पाइप तात्पुरता बाटलीत सोडा, मॅनिफोल्डकडचं तोंड बुच मारून बंद करा आणि गाडी फिरवा. धूर थांबला तर इंजिन उघडायची गरजच नव्हती.

आता कॉम्प्रेशन. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय मिळतं, आणि सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत असावा. मग नेहमीची 'ओली' चाचणी: प्लगच्या भोकातून थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं, आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. इथे प्रमाणावरून घोटाळा होतो. समजा ३०० सीसीचा सिलिंडर आहे आणि कॉम्प्रेशन रेशो १०:१. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा फक्त ३३ सीसी. त्यात १५ मिली ऑइल ओतलं तर रेशो जवळपास १८:१ होतो, आणि ठणठणीत सिलिंडरही 'रिंगा गेल्या' असं सांगू लागतो. एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, पुरे. तेवढ्यानेही आकडा थोडा चढतोच, म्हणून एका सिलिंडरची वाढ दुसऱ्याच्या वाढीशी ताडून पाहा.

लीकडाउन चाचणी, म्हणजे प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडून ती कुठून गळते ते पाहणं, जास्त कामाची. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर (अगदी वरच्या टोकाला), गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला, नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरतो. हवा ऑइल फिलरच्या तोंडातून आली तर रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. चांगल्या इंजिनात गळती १० टक्क्यांच्या आत असते. रिंगा बसायच्या असताना ती जास्त दिसली तर घाबरू नका.

पण या दोन्ही चाचण्या वरच्या दोन कॉम्प्रेशन रिंगा आणि व्हॉल्व्हची सीट तपासतात. तिसरी, ऑइल खरवडणारी रिंग त्यांना दिसत नाही. व्हॉल्व्ह सील तर अजिबात नाही, कारण बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे हवा पोचतच नाही. ऑइल जाळणारे खरे दोन आरोपी दोन्ही चाचण्यांतून निर्दोष सुटतात. आकडे उत्तम आणि ऑइल जातंय, असं असेल तेव्हा निवड ऑइल रिंग आणि सील यांच्यातच उरते.

ती करायला प्लग आणि बोरस्कोप (भोकातून आत पाहायचा बारीक कॅमेरा). ओला थर प्लगच्या एकाच बाजूला, इनटेक व्हॉल्व्हकडे असेल तर सीलचा संशय. सगळीकडून ओला असेल तर रिंगांचा. बोरस्कोपने पिस्टनचा माथा पाहा. कडेची पट्टी ऑइलने धुतल्यासारखी स्वच्छ आणि मध्ये काजळी असेल तर ऑइल खालून येतंय. इनटेक काढून व्हॉल्व्हच्या पाठीवर ओला, जाड थर दिसला तर वरून. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात त्या पाठीवर काजळी एरवीही असते, तिथे नुसत्या काजळीवर जाऊ नका, ओलेपणा पाहा. प्लग कोरडा, तरी धूर येतोय, अशा वेळी एक्झॉस्ट बाजूचं गाइड किंवा टर्बो बघावा.

सील बसवताना होणारी चूक बहुधा एकच: दांड्याच्या टोकाला लॉकसाठी जी खाच असते तिची धार नव्या सीलचा ओठ कापते. दांड्यावर प्लास्टिकची टोपी चढवून, ऑइल लावून सील सरकवायचं, आणि गाइडवर पूर्ण बसेपर्यंत दाबायचं. अर्धवट बसलेलं सील निसटून व्हॉल्व्हबरोबर वर-खाली फिरतं. इनटेक आणि एक्झॉस्टची सील वेगळी असतील तर अदलाबदलही होते. आणि गाइडच ढिलं असेल तर नवं सील फार काळ तग धरत नाही. दांडा आणि गाइड यांच्यातली फट इनटेकला साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असते, एक्झॉस्टला थोडी जास्त.

रिंगांच्या चुका जास्त आणि जास्त लपलेल्या. दुसरी रिंग उलटी पडली तर ती ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते, आणि कॉम्प्रेशनवर फारसा फरक दिसत नाही. खूण असलेली बाजू वर हवी. तीन भागांच्या ऑइल रिंगमध्ये मधल्या लहरी पट्टीची टोकं एकमेकांना टेकायला हवीत. ती एकावर एक चढली की वरच्या-खालच्या पातळ रेलना ताणच राहत नाही. होनिंगनंतर (बोअर घासून त्यावर बारीक रेघा पाडल्यावर) तो रॉकेलने पुसला तर रेघांत घासण्याची खरखरीत पूड राहते आणि रिंगा खाते. बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवायचा, पांढरं फडकं पांढरं निघेपर्यंत.

आणि काही वेळा चूक कुणाचीच नसते, रिंगा फक्त बसलेल्या नसतात. वरची रिंग बोअरवर दाबली जाते ती तिच्यामागे शिरणाऱ्या गॅसच्या दाबाने. 'नवं इंजिन आहे, जपून चालवा' म्हणत आयडलवर ठेवलं की दाब येत नाही, बोअर गुळगुळीत चकाकतो आणि मग रिंगा कधीच बसत नाहीत. सुरुवातीला मिनरल ऑइल घाला. गरम इंजिनाने चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० वरून ८० किलोमीटरपर्यंत जोरात चढवा, सोडून गिअरमध्येच ५० वर येऊ द्या, असं दहा-बारा वेळा. क्रोमच्या रिंगा मॉलीच्या (मॉलिब्डेनमच्या) रिंगांपेक्षा उशिरा बसतात. दर ५०० किलोमीटरला खप घटत असेल तर इंजिन उघडू नका. १५०० किलोमीटरनंतरही आकडा तिथेच असेल आणि बोरस्कोप रिंगांकडे बोट दाखवत असेल, तर उघडा. पण पिस्टन बाहेर आल्यावर रिंगा लगेच काढू नका. कुठली खूण वर आहे, तिन्ही रिंगांची तोंडं (टोकांमधल्या फटी) एका रेषेत आलीत का, लहरी पट्टीची टोकं कशी आहेत, याचे फोटो आधी घ्या, सिलिंडरचा नंबर लिहून. रिंग एकदा खाचेतून सुटली की ती कशी बसवली होती हे कुणी सांगू शकत नाही.