बाघची ठसेछपाई साडीवर कशी आली

महेश्वरी साडीवर बाघची लाल-काळी बुट्टी ही जोडी आज पुण्या-मुंबईच्या हातमाग प्रदर्शनांत इतकी सहज दिसते की, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असावी असेच कोणालाही वाटेल. भूगोलही त्या समजाला बळ देतो. महेश्वर ही अहिल्याबाई होळकरांची राजधानी, तर आज धार जिल्ह्यात असलेले बाघ हे गाव संस्थानी काळात ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या मुलखातले. म्हणजे विणकाम आणि छपाई दोन्ही मराठी राज्यकर्त्यांच्या माळव्यात, नर्मदेच्या परिसरातच होती. तरीही हाताने छापलेली साडी ही या कलेची जुनी ओळख नव्हे. ठसेछपाई शेकडो वर्षांची आहे. ती साडीवर मात्र फार उशिरा, गेल्या साठेक वर्षांत स्थिरावली. साडी निवडताना आणि सांभाळताना पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे या उशिरा झालेल्या भेटीत सापडतात.

इजिप्तमधील फुस्तात येथे सापडलेले भारतीय छापील सुती कापडाचे मध्ययुगीन तुकडे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात जपलेले आहेत. त्यांतील पुष्कळसे गुजरातेतून गेलेले असून त्यांवरचे लाल आणि निळे रंग आजही ओळखता येतात. सुती धाग्यावर लाल रंग सहज बसत नाही. तो पकडावा म्हणून कापडाला आधी तुरटीसारखा क्षार पाजावा लागतो. भारतीय रंगाऱ्यांना हे फार आधी साधले होते. मराठीत जिला आपण चीट म्हणतो, ती सतराव्या शतकात युरोपात एवढी खपू लागली की, तेथील विणकरांच्या दबावामुळे फ्रान्सने १६८६ मध्ये आणि इंग्लंडने १७०० च्या कायद्याने तिच्यावर निर्बंध घातले. पुढे १७८३ मध्ये टॉमस बेल याने रुळावर छपाई करणाऱ्या यंत्राचे एकस्व (पेटंट) घेतले. १८६८ मध्ये मंजिष्ठाच्या कुळातील मुळांपासून मिळणारे लाल रंगद्रव्य, अ‍ॅलिझरिन, जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ पासून कृत्रिम नीळही बाजारात येऊ लागली. यंत्राने आपल्या छिप्यांची, म्हणजे ठसेछपाई करणाऱ्या कारागिरांची, परदेशी बाजारपेठ नेली. नव्या रसायनाने त्यांची पद्धतही बदलली. बाघचा आजचा लाल रंग बहुधा याच अ‍ॅलिझरिनचा असतो, हे नैसर्गिक रंगांच्या उत्साहात विसरले जाते. ते मान्य केल्याने कारागिराचे कौशल्य तसूभरही कमी होत नाही, कारण रंग पक्का होतो तो क्षार, पाणी आणि आच यांच्या मेळातून.

देशांतर्गत बाजारात छापील कापडाचे गिऱ्हाईक वेगळे होते. कच्छमध्ये अजरख हे निळे-लाल ठसेछपाईचे कापड पशुपालक पुरुषांच्या खांद्यावर, डोक्याला आणि कमरेला असे. राजस्थानात बगरूचे कापड घागरे आणि ओढण्यांसाठी छापले जाई. बाघ परिसरातील खत्री कारागीर भिल्ल, भिलाला अशा समाजांसाठी घागरे आणि ओढण्यांचे कापड करीत. महाराष्ट्रात भावसार समाजातील रंगारी रंगाई आणि छपाई करीत. मात्र लुगड्याची प्रतिष्ठा विणलेल्या काठापदरात होती. पैठणी, इरकल, नारायणपेठ यांची नक्षी मागावरच उमटते. छापील कापड परकर, रजया, अस्तरे यांच्या कामाचे मानले गेले, आणि माझ्या मते ठसेछपाईच्या साडीला आपल्याकडे सणासुदीचा मान मिळायला एवढा वेळ लागला तो यामुळेच.

बाघच्या खत्रींचे पूर्वज सिंधमधून आले असे सांगितले जाते. ते आधी धार जिल्ह्यातल्याच मनावर या गावी होते आणि १९६२ मध्ये त्यांतील काही कुटुंबे बाघिनी नदीच्या पाण्यासाठी बाघला आली. तो काळ या धंद्याला कठीण होता. गिरणीचे आणि कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापड आदिवासी बाजारांत पोहोचले होते आणि घागऱ्याचे गिऱ्हाईक तुटत चालले होते. अशा वेळी इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी जुने ठसे आणि जुनी प्रक्रिया न सोडता कापड बदलले: घागऱ्याऐवजी चादरी, पडदे, मग साड्या. त्याच सुमारास शहरात ग्राहक तयार होत होता. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाने, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखाली, गावातील कारागीर आणि शहरातील घर यांच्यात वाट पाडली होती. बाघच्या छपाईला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कापडावर चालणारे काम मात्र पूर्वीसारखेच राहिले. कोरे कापड एरंडेल, खारे मीठ आणि शेळीच्या लेंड्या यांच्या द्रावणात भिजवून, तुडवून, वाळवून तयार करतात. मग त्याला हिरडा-बेहड्यासारख्या तुरट फळांच्या चूर्णाचे पाणी देतात, त्याने कापड पिवळसर होते. काळ्यासाठी हिराकस हा लोहाचा क्षार आणि लालसाठी तुरटी चिंचोक्याच्या खळीत कालवून ठशाने उमटवतात. काही दिवस छपाई मुरू दिल्यावर कापड वाहत्या पाण्यात धुतात आणि तांब्याच्या हंड्यात अ‍ॅलिझरिन व धायटीची फुले घालून उकळतात. लाल रंग उमलतो तो या भट्टीत. ठसा मारताना छपाईवाल्याला तो दिसतही नसतो. शेवटी नदीकाठी उन्हात पाणी शिंपडत कापड पसरले की पार्श्वभूमी उजळते.

आता निवडीकडे वळावे. साडेपाच मीटर साडीवर सहा इंची ठसा धरला, तरी एका रंगासाठी अडीचशेहून अधिक वेळा हात उठतो, आणि दोन रंगांना त्याच्या दुप्पट. एवढ्या वेळा सगळे सांधे हुबेहूब जुळणे शक्य नाही, म्हणून दोन ठशांच्या सीमेवर किंचित सरकलेली रेघ, काठाच्या कोपऱ्यात नक्षी जुळवताना केलेली तडजोड आणि कुठे दाट, कुठे विरळ उमटलेला रंग शोधावा. भट्टीत रंगलेल्या सुती साडीची मागची बाजूही बऱ्यापैकी रंगलेली असते. मात्र सरकलेली रेघ हा एकटा पुरावा पुरेसा नाही, कारण हल्ली जाळीच्या पडद्यातून होणाऱ्या (स्क्रीन) छपाईतही ती मुद्दाम आणतात; तीच चूक ठरावीक अंतराने तशीच्या तशी परत दिसली, तर ती हाताची नव्हे.

नेसण्याच्या बाबतीत घागऱ्याचा वारसा उपयोगी पडतो. बाघच्या जुन्या मांडणीत अंगभर लहान बुट्टी आणि कडेला जड किनार असे, कारण घागऱ्याला चुण्या पडत. साडीच्या निऱ्यांतही लहान बुट्टीच खुलते. मोठा भौमितिक जाळ निऱ्यांत तुटतो, तो पदरावर शोभतो. पोलके शक्यतो एकरंगी, साडीतल्याच लाल किंवा काळ्या छटेचे असावे, म्हणजे छपाईला श्वास घ्यायला जागा राहते.

जपणूकही प्रक्रियेतूनच समजते. पहिल्या दोनतीन धुण्यांत साडी वेगळी, गार पाण्यात, रिठ्याच्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने धुवावी. निळीची साडी सुरुवातीला अंगाला थोडा रंग लावते. तो तंतूवर राहिलेला सुटा रंग असतो आणि काही धुण्यांत थांबतो. रंग पक्का करण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो येथे टाळावा, कारण आंबट पदार्थ हिराकसापासून झालेला काळा फिकट करू शकतात. जेवणात आमसुलाचे सार किंवा चिंचेची चटणी सांडली, तर लगेच साध्या पाण्याने धुवावे. नदीकाठी ज्या उन्हात कापड उजळते त्याच उन्हात वापरातली साडी वाळवू नये, असे सांगितले की आश्चर्य वाटते. पण ते ऊन पार्श्वभूमी फिकी करण्यासाठीच असते आणि डाळिंबाच्या सालीचे किंवा हळदीचे पिवळे त्यात पटकन उडते. इस्त्री उलट बाजूने करावी.

खळ दिलेली साडी फार दिवस घडी करून ठेवू नये. तिला कसर लागते. काळ्या रेघांची काळजी सर्वांत अधिक घ्यावी लागते. लोह आणि तुरट द्रव्य यांच्या संयोगाने झालेला काळा धाग्याला हळूहळू ठिसूळ करतो, आणि दमट हवेत ते अधिक लवकर होते. संग्रहालयांतील जुन्या चिटांवर फुलांचा लाल रंग शाबूत असतो, पण त्यांच्या काळ्या बाह्यरेषांच्या जागी कापड झडून गेलेले दिसते. म्हणून बाघची साडी मऊ जुन्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी आणि दर पावसाळ्यानंतर बाहेर काढून घडी बदलावी, म्हणजे मोड पुन्हा त्याच काळ्या रेघेवर पडत नाही.