जेट बोटीची 'कील' कोणती: पोटाखालची की मागची?

इंदिरा सागर जलाशयाच्या काठच्या हनुवंतियाहून इंदूरला परतलेला भाचा पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाला, "मामा, जेट बोटीमागे दोर धरून वेकबोर्डच्या फळीवरून मी बाजूला गेलो की बोटीची शेपटी माझ्याकडे ओढली जायची. चालवणारा म्हणाला, 'भिया, जेटला कील नसते.' पण मागे तर मला पाती दिसली!"

दोघंही बरोबर. घोटाळा शब्दाचा आहे.

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो, सुकाणूही नसतं. तळातल्या जाळीतून पाणी आत येतं, इंपेलर, म्हणजे आतला पंखा, ते मागच्या नॉझलमधून जोरात फेकतो आणि वळायचं ते नॉझल फिरवून. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी रुळवली. तळाखाली काही लोंबू नये, हाच त्यात फायदा. माणूस ओढताना मात्र तोच नडतो, कारण पाण्याला धरून ठेवणारं खाली फारसं काही उरत नाही.

पहिली कील म्हणजे पोटाखालचा स्थिर कणा किंवा पातं. ती बोटीला वळवत नाही, फक्त आडवी घसरू देत नाही. पण ती कुठे बसवली आहे ते बघावं, कारण पातं जिथे, तिथे बोटीची बिजागरी. बिजागरीजवळ ढकललेलं दार हलत नाही, कडेला एका बोटाने ढकललं तरी फिरतं. स्कीच्या खास बोटींत दोर मध्याजवळच्या खांबाला बांधतात आणि पातीही तिथेच आसपास असतात, त्यामुळे ओढ बिजागरीजवळ पडते. जेट बोटीत दोराची कडी बहुधा अगदी मागे. अशा वेळी स्थिर पातं फार पुढे बसवलं तर शेपटी उलट जास्त फिरते! टॉवरला, म्हणजे बोटीवरच्या उंच चौकटीला, दोर बांधला तर फिरणं कमी होतं, पण ओढ उंचावरून आल्याने बोट कलते.

दुसरी 'कील' म्हणजे नॉझलला जोडलेली, त्याच्याबरोबर फिरणारी पाती. काम बघाल तर हे सुकाणूच. कील हे नाव विकणाऱ्यांनी चिकटवलेलं. ती कडीच्या जवळ असल्याने शेपटी थोडी धरतात. पण त्यांची खरी किंमत स्वार पडल्यावर कळते. चालक थ्रॉटल सोडतो, नॉझलची धार मरते आणि स्टीअरिंग फिरवूनही बोट सरळच जात राहते. पाती असतील तर वेग पुरता मरेपर्यंत तरी बोट वळते. माणसाजवळ हळू येतानाही भरकटत नाही. म्हणून एकच निवडायची तर मी मागची निवडेन. अर्थात, उन्हाळ्यात इंदिरा सागरचं पाणी ओसरून दगड वर येतात, तेव्हा हीच पाती आधी आपटतील.

दोराला मात्र दोन्हींचा काही उपयोग नाही. बोट स्वाराकडे फिरवण्याआधी सैल दोर गोळा करायचा. जाळीने तो आत ओढला की इंजिन बंद करून, किल्ली काढून, कापत बसावं लागतं आणि तोवर स्वार पाण्यात वाट बघत असतो.